सात अल्बम, पाच ड्रमर : ‘डेथ’ कसं ऐकावं

फ्लोरिडातल्या ‘डेथ’ या बँडने १९८७ ते १९९८ या काळात सात स्टुडिओ अल्बम काढले. सातही अल्बमांवर एकच माणूस कायम आहे : गिटारिस्ट आणि गायक चक शुल्डिनर. बाकीचे येत-जात राहिले. सातांपैकी कुठल्याही दोन अल्बमांवर वादकांचा संच तोच सापडणार नाही. डेथ मेटल म्हणजे हेवी मेटल संगीताचा एक जास्त कर्कश, अंधारा प्रकार. त्याचा पाया घालणाऱ्या बँडांमध्ये डेथचं नाव अगदी पुढे घेतलं जातं, तरीही नवख्या माणसाने हे सगळं कुठून आणि कसं ऐकायला घ्यावं, हे सहसा कुणी सांगत नाही. पहिला आणि सातवा अल्बम लागोपाठ लावले तर हे दोन वेगळेच बँड आहेत असं वाटतं. हा पल्ला कसा गाठला गेला ते समजून घ्यायची माझ्या मते सर्वांत सोपी वाट म्हणजे ड्रमवर लक्ष ठेवणं. सात अल्बमांत पाच ड्रमर झाले, आणि नवा ड्रमर आला की चकची गाणी रचण्याची पद्धतही बदलली.

त्याआधी या संगीतात नेमकं काय चालतं ते पाहू, कारण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात नुसता गोंगाट ऐकू येतो. सर्वांत जास्त खटकतो तो आवाज. घशात स्वरतंतूंच्या किंचित वर दोन मांसल घड्या असतात. एरवी बोलताना किंवा गाताना त्यांचं फारसं काम नसतं. श्वासाच्या जोरावर त्या थरथरवल्या की एक खरखरीत, घोगरा आवाज निघतो. त्याला ग्राउल म्हणतात. या आवाजात सूर जवळपास नसतो, त्यामुळे गाण्याची चाल गायकाकडे नसतेच. गायकाकडे शब्दांची लय असते, आणि चाल गिटारकडे गेलेली असते. ही एक गोष्ट लक्षात आली की अर्धं कोडं सुटतं. गायकाच्या मागे मागे जाऊन चाल शोधू नका, गिटारच्या मागे जा.

गिटार काय करते? रिफ वाजवते. रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा. आपल्याला मुखडा आणि अंतरा यांची सवय असते. डेथ मेटलचं गाणं मात्र बहुतेकदा रिफांची साखळी असतं, आणि एखादा रिफ एकदाच येऊन पुन्हा कधी दिसतही नाही. तारा सैल करून सूर खाली उतरवलेला असतो. उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून छेडलं की सूर घुमण्याआधीच तुटतो आणि ठोक्यासारखा लागतो. हात उचलून तीच तार भराभर वर-खाली छेडली की सुरांची सलग रेघ तयार होते. या दोन स्पर्शांची अदलाबदल म्हणजे या शैलीतल्या गिटारवादनाचा कणा.

ड्रमर दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवतो, त्याला डबल बेस म्हणतात. शिवाय ब्लास्ट बीट नावाचा प्रकार असतो, म्हणजे स्नेअर (करकरीत आवाजाचा छोटा ड्रम) आणि बेस ड्रमवर अतिवेगाने, मशीनगनसारखे पडणारे ठोके. पुष्कळ लोक डेथ मेटल म्हणजे ब्लास्ट बीट असंच समजतात. डेथच्या अल्बमांवर मात्र तो फार कमी आहे. या बँडला निव्वळ वेगाचं वेड कधीच नव्हतं.

चकचा जन्म १९६७ सालचा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा. कुटुंब लवकरच फ्लोरिडात आलं. तो नऊ वर्षांचा असताना मोठा भाऊ फ्रँक मोटार अपघातात गेला. त्या दुःखातून मुलाला बाहेर काढावं म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार आणून दिली. १९८३ साली, ऑर्लँडोजवळच्या अल्टामाँट स्प्रिंग्जमध्ये, सोळा वर्षांच्या चकने कॅम ली आणि रिक रॉझ यांच्यासोबत ‘मँटास’ नावाचा बँड सुरू केला. पुढच्याच वर्षी त्याचं नाव डेथ झालं.

रेकॉर्ड कंपनी नाही, रेडिओ नाही, मग गाणी पोचणार कशी? टपालाने. मुलं घरगुती साधनांवर डेमो, म्हणजे नमुन्याची गाणी, रेकॉर्ड करायची, कॅसेटच्या प्रती काढायची आणि देशोदेशीच्या चाहत्यांना पाठवायची. ते चाहते आणखी प्रती काढून पुढे पाठवायचे. १९८४ चा ‘रेन ऑफ टेरर’ आणि १९८५ चा ‘इन्फर्नल डेथ’ हे डेमो असेच जगभर फिरले. त्यांवर ड्रम कॅम लीचे, आणि आवाजही मुख्यतः त्याचाच. आज ऐकताना प्रतीची प्रत काढल्याने झालेली खरखर जाणवते, पण त्या काळातला मुलगा ती खरखर ओलांडून काय ऐकत असेल हेही कळतं. थ्रॅश मेटल, म्हणजे हेवी मेटलचा आधीचा वेगवान प्रकार, त्याला ओळखीचं होतं, आणि हे त्याहून जास्त अंधारं होतं.

डेथ मेटलचा पहिला बँड कोणता, हा वाद जुना आहे. कॅलिफोर्नियाच्या ‘पझेस्ड’चा ‘सेव्हन चर्चेस’ १९८५ मध्येच आला होता, आणि त्यावर ‘डेथ मेटल’ याच नावाचं गाणं आहे. तारीख बघितली तर मान त्यांचा. पण तो अल्बम अजून थ्रॅशला चिकटून आहे. आज आपण ज्याला डेथ मेटल म्हणतो त्याचा पूर्ण आकार मला डेथच्या पहिल्या अल्बमात ऐकू येतो.

तो अल्बम म्हणजे १९८७ चा ‘स्क्रीम ब्लडी गोर’. चकने मधल्या काळात बँड मोडला, काही दिवस टोरांटोच्या ‘स्लॉटर’ या बँडमध्ये जाऊन आला, मग कॅलिफोर्नियात ख्रिस रायफर्ट हा तरुण ड्रमर त्याला भेटला. दोघांनी १९८६ मध्ये ‘म्यूटिलेशन’ हा डेमो केला आणि ‘कॉम्बॅट’ या कंपनीने त्यांना करारबद्ध केलं. फ्लोरिडात केलेलं पहिलं रेकॉर्डिंग कंपनीला पसंत पडलं नाही, म्हणून लॉस एंजेलिसमध्ये रँडी बर्न्स या निर्मात्यासोबत पुन्हा सुरुवात झाली. हा तोच माणूस, ज्याने पझेस्डचा अल्बम केला होता. ड्रम रायफर्टचे, आणि गिटार, बेस गिटार, आवाज सगळं चकचं. म्हणजे ज्याला आपण बँडचा अल्बम म्हणतो तो दोन मुलांनी केला. विषय सगळे भयपटांतले : झाँबी, रक्त, कापाकापी. रायफर्टचे ठोके सरळ आणि रांगडे आहेत, म्हणून रिफही सरळ आहेत. माझ्या मते या अल्बमचं बळ त्याच्या अडाणी आत्मविश्वासात आहे. ‘झाँबी रिच्युअल’ची संथ, वळणदार सुरुवात ऐका. एवढ्या लहान वयातही चकला चाल सुचत होती.

चक फ्लोरिडात परतला, रायफर्ट कॅलिफोर्नियातच राहिला आणि तिथे त्याने ‘ऑटोप्सी’ हा बँड काढला. डेथला आता नवे वादक हवे होते. ते ‘मॅसॅकर’ या बँडमधून आले : जुना सोबती रिक रॉझ, बेसवर टेरी बटलर, ड्रमवर बिल अँड्रूज. १९८८ चा ‘लेप्रसी’ या संचाच्या नावावर आहे.

इथे टँपामधल्या ‘मॉरिसाउंड’ या स्टुडिओबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचे सगळे अल्बम तिथेच झाले. जिम आणि टॉम मॉरिस या भावांनी १९८१ मध्ये तो सुरू केला. डेथ मेटल रेकॉर्ड करताना मुख्य अडचण चिखलाची असते. गिटार खालच्या सुरात, बेस खालच्या सुरात, बेस ड्रम खालच्या सुरात आणि तोही सेकंदाला कितीतरी वेळा वाजणारा. सगळे एकाच पट्टीत गर्दी करतात आणि कानाला फक्त घरघर पोचते. मॉरिसाउंडमधल्या ध्वनितंत्रज्ञांनी, विशेषतः स्कॉट बर्न्सने, यावर उपाय शोधला. बेस ड्रमच्या ठोक्याला वरच्या पट्टीत एक टोकदार ‘टक’ दिली, म्हणजे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. गिटारचे थर कडेला, डाव्या आणि उजव्या बाजूला लावले. ‘ऑबिच्युअरी’, ‘डिसाइड’ असे त्या भागातले बँड त्याच स्टुडिओत आले, आणि जगभरातले इतर बँडही ‘तसाच आवाज हवा’ म्हणून टँपाला येऊ लागले. फ्लोरिडा हे डेथ मेटलचं माहेर होण्यात या एका इमारतीचा वाटा फार मोठा आहे.

‘लेप्रसी’त फक्त आठ गाणी आहेत, पण पहिल्या अल्बमपेक्षा ती कितीतरी घट्ट बांधलेली आहेत. बिल अँड्रूज साधा ड्रमर आहे. तो ठेका धरून ठेवतो आणि रिफला वाट देतो, त्यामुळे अल्बमची सगळी ताकद गिटारच्या वजनात आली. भुतंखेतं मागे पडली आणि खऱ्या आयुष्यातली भीती आत आली. ‘पुल द प्लग’मध्ये यंत्रांवर जगवला जाणारा रुग्ण सुटका मागतो. चक तेव्हा फक्त एकवीस वर्षांचा होता. अल्बमच्या नावाचं गाणं मात्र मला टोचतं. कुष्ठरोग्याचं शरीर त्यात भयाची वस्तू म्हणून येतं, आणि आनंदवन ज्याने पाहिलं किंवा वाचलंय त्या मराठी माणसाला ते खटकणारच. हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि रोगापेक्षा वाळीत टाकणंच माणसाला जास्त मारतं. गाण्यात वाळीत टाकण्याचा उल्लेख आहे, पण करुणा जेमतेम. ती पुढच्या अल्बमांत आली.

१९९० च्या ‘स्पिरिच्युअल हीलिंग’मध्ये रिक रॉझच्या जागी जेम्स मर्फी हा सुरेल, सफाईदार गिटारिस्ट आला. विषय थेट अमेरिकन समाजाचे झाले : कोकेनच्या व्यसनी आईच्या पोटी जन्मलेलं बाळ, गर्भपाताचा वाद, देवाच्या नावावर चालणारी फसवणूक. एड रेप्काच्या मुखपृष्ठावरही रोग बरे करण्याचा दावा करणारा धर्मोपदेशकच आहे. टीव्हीवरच्या धर्मगुरूंची प्रकरणं अमेरिकेत तेव्हा ताजी होती. गाणी मात्र मला अडखळताना दिसतात. चकच्या डोक्यात आता गुंतागुंतीच्या रचना होत्या, आणि ड्रम अजून ‘लेप्रसी’च्याच घरात राहत होते.

मग फाटलंच. १९९० मध्ये युरोपच्या दौऱ्याआधी चकने जायला नकार दिला. बटलर आणि अँड्रूज दुसरा गायक, दुसरा गिटारिस्ट घेऊन डेथच्या नावाने दौरा करून आले. परत आल्यावर त्यांची गच्छंती झाली. यापुढे कायमचा बँड ठेवायचा नाही, प्रत्येक अल्बमसाठी त्या गाण्यांना हवेत ते वादक बोलवायचे, असं चकने ठरवलं. त्यावरून त्याच्यावर हेकेखोरपणाचा शिक्का बसला. तो शिक्का कितीही खरा मानला तरी पुढचे चार अल्बम याच निर्णयातून आले, हे नाकारता येत नाही.

१९९१ चा ‘ह्यूमन’ म्हणजे या सगळ्या कहाणीचा कडा. मायामीच्या ‘सिनिक’ या बँडमधून पॉल मॅसविडाल गिटारवर आणि शॉन रायनर्ट ड्रमवर आला. दोघंही साधारण वीस वर्षांचे, जॅझ-फ्यूजनमध्ये बुडालेले. बेसवर ‘सेडस’चा स्टीव्ह डी जॉर्जिओ. पहिलं गाणं ‘फ्लॅटनिंग ऑफ इमोशन्स’ ड्रमनेच उघडतं, आणि पहिल्या काही सेकंदांतच कळतं की इथे नुसता ठेका धरून बसणारा माणूस नाही. रायनर्टचे पाय वेगाने चालू असताना हात वेगळंच बोलतात. स्नेअरवर जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके आहेत, राइड झांजेच्या मधल्या घुमटावर टिणटिण आहे, आणि सम अपेक्षित जागी येत नाही. रूपक किंवा झपताल ऐकत वाढलेल्या कानाला विषम मात्रांची धास्ती वाटत नाही, म्हणून मला वाटतं की आपल्याकडच्या श्रोत्याला हा अल्बम उलट सोपा जावा. असा ड्रमर मागे असल्यावर चकचे रिफही मोकळे झाले. ते मध्येच वळण घेतात, अर्ध्यावर थांबतात, दोन गिटारी एकमेकींना उत्तरं देतात. ‘कॉस्मिक सी’ या गाण्यात शब्दच नाहीत.

सगळा अल्बम साधारण चौतीस मिनिटांचा. एवढ्यात एका संगीतप्रकाराची हद्द सरकली. डेथ मेटल वाजवायला कौशल्य लागतं, आणि जॅझमधून आणलेलं काही त्यात विजोड दिसत नाही, हे या अल्बमने सिद्ध केलं. त्यानंतर जे ‘टेक्निकल’ आणि ‘प्रोग्रेसिव्ह’ डेथ मेटल आलं, त्यातला जवळपास प्रत्येक बँड या अल्बमचं देणं लागतो. एक दोष मात्र राहिला होता. मूळ ध्वनिमिश्रणात डी जॉर्जिओचा बेस पार दडपून गेला होता. २०११ मध्ये जिम मॉरिसने नव्याने मिश्रण करून ‘रिलॅप्स’ कंपनीने जी आवृत्ती काढली, तीत तो ऐकू येतो.

१९९३ च्या ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’मध्ये ड्रमवर जीन होग्लन आला. त्याला ‘अ‍ॅटॉमिक क्लॉक’ म्हणतात, आणि नाव सार्थ आहे. गिटारवर ‘किंग डायमंड’ बँडचा अँडी लारॉक होता, आणि डी जॉर्जिओ यावेळी पडदे नसलेल्या फ्रेटलेस बेसवर. सूर एका पडद्यावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, मींडेसारखा घसरत जातो. असा बेस डेथ मेटलमध्ये तोवर फारसा कुणी ऐकला नव्हता. ‘द फिलॉसॉफर’चा व्हिडिओ एमटीव्हीवर दिसला. गाणी सगळी दाट आहेत, मला कधीकधी गरजेपेक्षा जास्त दाट वाटतात.

‘सिम्बॉलिक’ने १९९५ मध्ये ती दाटी विरळ केली. होग्लन राहिला, गिटारवर बॉबी कोएल्बल आणि बेसवर केली कॉनलन आले, निर्मितीला जिम मॉरिस होता. पन्नास मिनिटांत नऊ गाणी, आणि प्रत्येकाला श्वास घ्यायला जागा. होग्लनने इथे ताकद राखून वापरली आहे. संथ भागात तो झांजांवर नाजूक नक्षी करतो आणि नेमक्या जागी दोन्ही पाय सोडतो. चकचा आवाजही बदलला. खर्जातली गुरगुर वर चढली, शब्द सुटे झाले. आता माणसाच्या आतलं त्याला सांगायचं होतं, आणि त्यासाठी शब्द कळणं गरजेचं होतं. पहिलं गाणं बालपणीच्या निरागसपणाच्या आठवणीचं आहे. ‘थाउजंड आइज’ पाळतीबद्दल आहे, तेही घराघरात कॅमेरे येण्याच्या कितीतरी आधी. ‘क्रिस्टल माउंटन’ धार्मिक दांभिकतेवर तुटून पडतं आणि शेवटी साध्या, तारांच्या नैसर्गिक आवाजाच्या गिटारवर येऊन थांबतं. सातांतला एकच ठेवायचा झाला तर मी हा ठेवेन.

यानंतर चकला डेथ आणि ग्राउल दोन्ही सोडायचं होतं. उंच, स्वच्छ आवाजाचा गायक घेऊन ‘कंट्रोल डिनाइड’ हा नवा बँड उभा करायचा होता. नव्या कंपनीला, ‘न्यूक्लिअर ब्लास्ट’ला, आधी डेथचा एक अल्बम हवा होता. तो म्हणजे १९९८ चा ‘द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स’. संच पूर्ण नवा : ड्रमवर रिचर्ड क्रिस्टी, गिटारवर शॅनन हॅम, बेसवर स्कॉट क्लेंडेनिन. क्रिस्टी ठेक्यात अक्षरशः भर घालत राहतो, एकही चौकट रिकामी सोडत नाही. त्यामुळे गाणी लांबली, आठ मिनिटांच्याही पुढे गेली. आवाज आता किंचाळीच्या टोकाला आहे. ‘व्हॉइस ऑफ द सोल’मध्ये शब्द नाहीत, ड्रमही नाहीत, फक्त गिटारी आहेत, आणि डेथ मेटल अजिबात न आवडणारी माणसंही हा तुकडा थांबून ऐकतात. अल्बम संपतो तो ‘जूडस प्रीस्ट’ या जुन्या हेवी मेटल बँडच्या ‘पेनकिलर’ने, म्हणजे चक ज्या संगीतावर वाढला त्याला केलेल्या नमस्काराने.

कंट्रोल डिनाइडचा ‘द फ्रॅजाइल आर्ट ऑफ एक्झिस्टन्स’ टिम आयमारच्या आवाजात १९९९ मध्ये आला. त्याच वर्षी चकच्या मेंदूत गाठ असल्याचं निदान झालं. उपचारांचा खर्च कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. जगभरच्या वादकांनी आणि चाहत्यांनी मैफली करून पैसे गोळा केले. १९९८ च्या दौऱ्यातल्या दोन मैफलींची रेकॉर्डिंगं, लॉस एंजेलिसची आणि आइंडहोव्हनची, २००१ मध्ये बाहेर आली. त्याच वर्षी १३ डिसेंबरला चक गेला, चौतीसाव्या वर्षी. कंट्रोल डिनाइडचा दुसरा अल्बम अर्धवट राहिला.

पुढे ‘डेथ टू ऑल’ या नावाने जुने वादक एकत्र येऊन ही गाणी वाजवू लागले. २०२० मध्ये शॉन रायनर्टही गेला. अल्बम आता चांगल्या आवृत्त्यांत मिळतात, डेमोही अधिकृतपणे निघाले आहेत.

ऐकण्याचा क्रम विचाराल तर काळाच्या ओळीत जाऊ नका. ‘व्हॉइस ऑफ द सोल’ने सुरुवात करा, म्हणजे ग्राउलची सवय होण्याआधी चकची चाल कानात बसेल. मग ‘क्रिस्टल माउंटन’, आणि ते रुचलं तर पूर्ण ‘सिम्बॉलिक’. तिथून ‘लेप्रसी’कडे मागे जा, वजन म्हणजे काय ते कळेल, आणि त्यानंतर ‘स्क्रीम ब्लडी गोर’. ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’ उशिरा घ्या. ‘ह्यूमन’ मात्र २०११ च्याच आवृत्तीत, हेडफोन लावून : पहिल्या खेपेला फक्त ड्रम, दुसऱ्या खेपेला फक्त बेस.